लहान कम्युनिटी-टेक्निकल कॉलेजात शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो तो) अमेरिकेत आले तेव्हा हाताशी बी.कॉम.ची पदवी होती आणि दिवसभराचा रिकामा वेळ. वॉशिंग्टन राज्यातल्या एका छोट्या कम्युनिटी-टेक्निकल कॉलेजात ‘एखादा इंग्रजीचा कोर्स करून बघू’ म्हणून गेले आणि अकाउंटिंगची दोन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडले. त्या दोन वर्षांच्या पदवीला मला साडेतीन वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून ओळखीपाळखीच्यांचे फोन येतात. कुणाचा मुलगा बारावीनंतर यायचा असतो, कुणाची सून घरात बसून कंटाळलेली असते. प्रश्न बहुतेक तेच, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवतेय. फी आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारून घ्याच.

हे कॉलेज म्हणजे नेमकं काय? आयटीआय की सिनियर कॉलेज?

दोन्ही, एकाच आवारात. एका इमारतीत इतिहास, गणित, रसायनशास्त्र शिकवतात. ही पहिली दोन वर्षं इथे करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग, डिझेल इंजिन, एसी दुरुस्ती. पलीकडे नर्सिंगची प्रयोगशाळा, तिथे पलंगावर प्लास्टिकचे रुग्ण झोपलेले. माझ्या गणिताच्या वर्गाची खिडकी वेल्डिंगच्या शेडकडे उघडायची, त्यामुळे समीकरणं सोडवताना जळक्या धातूचा वास यायचा.

ही कल्पना जुनी आहे. इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांमध्ये ते सर्वांत जुनं मानतात. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालामुळे. वॉशिंग्टन राज्यात १९६७ च्या कायद्याने या कॉलेजांची एक व्यवस्था उभी राहिली, १९९१ मध्ये टेक्निकल कॉलेजंही तिच्यात आली, आणि आज तिथे अशी ३४ कॉलेजं आहेत. केंटकीतही १९९७ च्या कायद्याने दोन्ही प्रकार एका छताखाली आणले.

म्हणजे ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही त्यांचं कॉलेज ना?

हा प्रश्न नेहमी जरा आवाज खाली करून विचारला जातो. कुणालाही प्रवेश मिळतो हे खरं. पण प्रवेश सोपा आहे म्हणून पास होणं सोपं आहे असं अजिबात नाही. आपल्याकडे सगळी लढाई प्रवेशाआधी होते. एकदा आत गेलं की तीन वर्षं कशीबशी निघतात. इथे दार सताड उघडं आणि खरी चाळणी आत.

नातेवाइकांना सांगायला एखादं नाव हवंच असेल, तर अंतराळयानाची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात गणित शिकली. जिल बायडन ‘फर्स्ट लेडी’ असतानाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात शिकवायला जात होत्या.

प्रवेश परीक्षा असते का?

नापास करणारी नसते. इंग्रजी आणि गणितात तुम्ही कोणत्या पायरीवर बसता हे ठरवायला चाचणी असते. काही ठिकाणी अॅक्युप्लेसर नावाची संगणकावरची, काही ठिकाणी जुनी गुणपत्रिका पाहून किंवा तुम्हालाच काही प्रश्न विचारून ठरवतात. तयारी न करता जाऊ नका. मी बी.कॉम. आहे या तोऱ्यात बीजगणित न उजळता गेले आणि एक पायरी खाली बसले. त्याचे तीन महिने गेले आणि पैसेही.

अपवाद नर्सिंग, डेंटल हायजीन, रेडिओलॉजी अशांचा. तिथे जागा मोजक्या असतात. आधी शरीररचनाशास्त्र वगैरे विषय चांगल्या गुणांनी पास करायचे, मग वेगळा अर्ज, आणि तरी वाट बघावी लागू शकते. ‘दोन वर्षांत नर्स’ असं कुणी सांगितलं तर त्यात हा आधीचा काळ मोजला आहे का, ते विचारा.

वर्गात कोण असतं? मी सगळ्यांत मोठी दिसेन का?

नाही. माझ्या पहिल्याच वर्गात डावीकडे सोळा वर्षांची मुलगी होती. वॉशिंग्टनमध्ये ‘रनिंग स्टार्ट’ नावाची १९९० पासूनची योजना आहे. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुलं तिच्यातून शिकवणी फी न भरता कॉलेजचे विषय घेऊ शकतात. उजवीकडे गोदामात रात्रपाळी करून थेट वर्गात येणारा गृहस्थ. त्याचे डोळे लाल असायचे, पण गृहपाठ कधी चुकला नाही. मागे सैन्यातून निवृत्त झालेला एक जण कायम भिंतीला पाठ टेकून बसे. आणि एक आजी होत्या. नातवंडांच्या शाळेत मदतनीस व्हायचं तर कागद लागतो, म्हणून आलेल्या.

पहिल्या गटप्रकल्पात आम्ही चौघं एकत्र आलो, आणि भेटायची वेळ ठरवण्यातच आठवडा गेला. मुलीला चारनंतर आईची गाडी मिळायची, गोदामवाला चारला झोपायचा, आजींना नातवंडं आणायची असायची. शेवटी सकाळी सातला भेटायचं ठरलं. ‘मला जमत नाही’ हे कुणी रडगाणं म्हणून सांगितलं नाही. प्रत्येकाने आपापलं वेळापत्रक टेबलावर ठेवलं, बस्स. मोठ्या विद्यापीठात अभ्यास हेच आयुष्य असतं. इथे अभ्यास आयुष्याच्या फटीत बसवायचा असतो, आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शिकवणाऱ्यांना काय म्हणायचं?

बरेचदा नुसतं पहिलं नाव. मला ते शेवटपर्यंत जड गेलं. एका बाईंना मी ईमेलमध्ये ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहिलं, तेव्हा त्यांनी वर्गानंतर थांबवून विचारलं, तू माझ्यावर रागावली आहेस का? मग ‘प्रोफेसर’ आणि आडनाव, हा मधला मार्ग काढला. तो सगळीकडे चालतो.

अभ्यास किती असतो?

बाहेरून दिसतो त्यापेक्षा पुष्कळ. वॉशिंग्टनमध्ये क्वार्टर पद्धत आहे. एक क्वार्टर साधारण दहा-अकरा आठवड्यांचं, आणि त्यात पाच-पाच क्रेडिटचे तीन विषय म्हणजे पूर्ण भार. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गातला साधारण एक तास, आणि वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास धरा. म्हणजे पंधरा क्रेडिट घेतले की आठवड्याचे पंचेचाळीस तास गेले. पदवीला अशी ९० क्रेडिट लागतात. सेमिस्टर पद्धतीच्या राज्यांत ६०.

धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘वर्षभर बघू, शेवटी रात्र मारू’ इथे चालत नाही. दर आठवड्याला काहीतरी जमा करायचं असतं: छोटी चाचणी, चर्चेतला परिच्छेद, प्रयोगाचा अहवाल. सगळं कॅनव्हास किंवा तशाच एखाद्या ऑनलाइन प्रणालीवर, रात्री ११:५९ च्या आत. अंतिम परीक्षेला कधी वीसच टक्के वजन असतं. पहिल्या दिवशी सिलॅबस हातात देतात, त्यात कशाला किती गुण आणि उशीर झाल्यास किती कापणार हे लिहिलेलं असतं. आपण त्याला ‘पोर्शन’ समजून बाजूला ठेवतो. तो करार असतो, ओळ न् ओळ वाचा.

दुसरा धक्का निबंधांचा. माझा पहिला निबंध मी भाषा सजवून, चार थोरामोठ्यांची मतं घालून लिहिला होता. परत आला तेव्हा समासात एवढंच होतं: यात तू कुठे आहेस? राग आला. मग दोन दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला. शाळेपासून आपण ‘प्रश्नाचं उत्तर’ लिहायला शिकलो. ‘तुझं म्हणणं काय’ असं गुण देताना कुणी विचारलंच नव्हतं.

ऑफिस अवर्स म्हणजे काय? अडचण असेल तरच जायचं का?

या एका प्रश्नाचं उत्तर मला आधी कळलं असतं तर माझं निदान एक वर्ष वाचलं असतं.

प्रत्येक पूर्णवेळ शिक्षक आठवड्यातले काही ठरावीक तास आपल्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी बसून असतो. मला वाटायचं, तिथे जाणं म्हणजे ‘मला येत नाही’ अशी कबुली. सहाव्या आठवड्यात स्टॅटिस्टिक्स अगदीच डोक्यावरून जायला लागलं तेव्हा दारावर टकटक केली. आत ते गृहस्थ एकटेच सँडविच खात बसले होते. म्हणाले, बरं झालं आलीस, सकाळपासून कुणी फिरकलं नाही. वीस मिनिटांत त्यांनी एका कागदावर जे काढून दाखवलं ते पुस्तकाच्या चाळीस पानांत मला दिसलं नव्हतं.

लहान कॉलेजाची खरी श्रीमंती ही. वर्ग वीस-पंचवीस जणांचा, शिकवायला मदतनीस नाही तर खुद्द प्राध्यापक, आणि शिकवणं हेच त्यांचं मुख्य काम. शिवाय मोफत शिकवणी केंद्र, निबंध वाचून देणारं लेखन केंद्र, ग्रंथपाल, समुपदेशक, काही ठिकाणी गरजूंसाठी धान्याची खोलीसुद्धा. पण यातलं काहीही आपणहून तुमच्याकडे चालत येत नाही. विचारणाऱ्याला सगळं मिळतं, न विचारणाऱ्याला साधी पाटीही दिसत नाही. भिडस्त माणसाचं इथे फार नुकसान होतं, आणि आपल्याकडच्या चांगल्या घरातल्या मुलींना भिडस्तपणा गुण म्हणून शिकवलेला असतो.

फी किती?

कॉलेज बोर्डाच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजांची स्थानिक विद्यार्थ्यांसाठीची सरासरी वार्षिक फी ४,०५० डॉलर होती. सरकारी चार वर्षांच्या विद्यापीठात राज्यातल्याच विद्यार्थ्याला ११,६१०. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशांना एका युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर. हे आकडे नुसत्या फीचे आहेत. घरभाडं, गाडी, विमा वेगळे.

परदेशी विद्यार्थ्याची फी याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत (२०२४-२५ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर) नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि मोजक्या इतर गटांनाच मिळते. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा एच-४ वाल्यांना नाही. कॉलेजच्या स्वतःच्या प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्त्यांना मात्र कधीकधी व्हिसाची अट नसते आणि लहान कॉलेजात अर्जही थोडेच येतात. मला त्यातून एकदा पुस्तकांपुरते पैसे मिळाले.

पुस्तकं फार महाग असतात असं ऐकलंय.

असतात. पहिल्या वर्गापर्यंत विकत घेऊ नका. आधी ग्रंथालयात दोन-दोन तासांसाठी मिळणारी ‘रिझर्व्ह’ प्रत आहे का ते पाहा. अनेक विषयांना राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं लावलेली असतात. मागची आवृत्ती चालेल का, हे शिक्षकांना विचारा; बहुतेक वेळा चालते.

कोणत्या व्हिसावर शिकता येतं?

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, एकच विषय घेतला तरी चालतं. पण काम करता येत नाही, अगदी कॉलेजच्या ग्रंथालयातही नाही. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीनकार्डसाठी सहसा कंपनी करते तो अर्ज) मंजूर असेल तर २०१५ च्या नियमानुसार कामाचा परवाना मागता येतो. निवासी फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी, लागू होईल का हे राज्यागणिक बदलतं. मला वर्षभर राहिल्याचे पुरावे दिल्यावर लागू झाली. मुलांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: एकविसावं वर्ष पूर्ण झालं की त्यांचा एच-४ संपतो, तेव्हा पुढच्या व्हिसाची तयारी बरीच आधी लागते.

भारतातून येणाऱ्याला शैक्षणिक अभ्यासक्रमासाठी एफ-१. कॉलेजकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) घ्यायचा, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी भरायची, मग व्हिसाची मुलाखत. दर सत्राला किमान बारा क्रेडिट हवीतच आणि त्यात ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत कॉलेजातच काम करता येतं. पदवीनंतर वर्षभराची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळू शकते. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची दोन वर्षांची वाढ मात्र बॅचलर पदवीशिवाय नाही.

निव्वळ व्यावसायिक अभ्यासक्रमाला एम-१ दिला जातो, आणि तिथे डोळे उघडे ठेवा. शिकताना काम नाही, नंतरचं प्रशिक्षण चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना आणि फार तर सहा महिने, आणि अमेरिकेत राहून एम-१ चा एफ-१ करता येत नाही. ‘वेल्डिंग शिकून तिथेच नोकरी’ या बेतावर आई-वडिलांनी कर्ज काढू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

माझी भारतातली पदवी आहे. सगळं पुन्हा शिकायचं?

सगळं नाही. गुणपत्रिकांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था असतात. कॉलेज कोणाचा अहवाल मानतं ते आधी विचारा, कारण पैसे तुमचे जातात. विद्यापीठातून बंद पाकिटात गुणपत्रिका मागवायला महिने लागतात. माझ्या बी.कॉम.मधले काही विषय धरले गेले, पण अकाउंटिंगचे मी पुन्हा केले, कारण इथली करप्रणाली आणि हिशेबाची परिभाषा वेगळी. नाक मुरडत बसले होते. तिसऱ्या आठवड्यात नाक सरळ झालं.

पुढे विद्यापीठात ट्रान्सफर खरंच होतं का?

होतं, पण आपोआप नाही. पदव्यांची नावं सारखी दिसतात आणि तिथेच माणूस फसतो. एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) या दोन वर्षांच्या पदव्या बहुधा पुढे जाण्यासाठी आखलेल्या असतात. एएएस, म्हणजे ‘अप्लाइड’वाली, थेट नोकरीसाठी, तिची क्रेडिट विद्यापीठ बरेचदा घेत नाही. वॉशिंग्टनमध्ये ‘डायरेक्ट ट्रान्सफर’ करारातली ९० क्रेडिटची पदवी असते आणि तिला राज्यातली विद्यापीठं मानतात. ज्या विषयाच्या सांकेतिक क्रमांकात ‘&’ हे चिन्ह दिसतं तो राज्यभरच्या सगळ्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एकच समजला जातो.

मला सल्लागाराने पहिल्या भेटीत सांगितलं होतं, ‘हे सगळं पुढे चालेल.’ मी नोकरीवाली पदवी निवडली होती हे त्याने पाहिलं नाही, आणि मीही ‘पुढे म्हणजे कुठे?’ असं विचारलं नाही. नंतर विद्यापीठात अर्ज केला तेव्हा पाच विषय गळाले. तेव्हा ज्या विद्यापीठात जायचंय तिथल्या ट्रान्सफर कार्यालयाला पहिल्याच वर्षी ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी आश्वासनाची पावती मिळत नसते.

काही कॉलेजांत आता स्वतःची चार वर्षांची अप्लाइड बॅचलर पदवीही असते. तोही पर्याय तपासा.

टेक्निकल बाजूचा अनुभव कसा असतो?

मी स्वतः केला नाही, पण कँटीनचं टेबल एकच होतं. वेल्डिंगवाले सकाळी सातला हजर, कारखान्याच्या पाळीसारखे. हेल्मेट, हातमोजे, चामड्याचं जाकीट, बूट हा खर्च फीच्या बाहेरचा. गुण बोलण्याला नाहीत. पट्टी वाकवून पाहतात, जोड तुटला की पुन्हा. बाहेर पडताना अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं प्रमाणपत्र हाती असलं तर कामासाठी विचारणा लवकर होते. नर्सिंगवाल्या पहाटे रुग्णालयात जायच्या, दुपारी वर्गात डुलक्या घ्यायच्या. दोन वर्षांची पदवी असो की चार, परवान्याची परीक्षा एकच, एनक्लेक्स. त्यांचा अभ्यास पाहिल्यावर मी माझ्या ताळेबंदाबद्दल तक्रार करणं सोडलं.

एखादा विषय झेपत नसेल तर?

तारखा पाहा. सुरुवातीच्या दिवसांत सोडला तर पैसे परत मिळतात आणि नोंदही राहत नाही. नंतर सोडला तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे विषय सोडला) येतो. सरासरी बिघडत नाही, पण पैसे जातात. काहीच न सांगता यायचं बंद केलं तर शून्य, आणि ते कायम चिकटतं. एफ-१ वाल्यांनी परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय विषय सोडायचा नाही. बाराच्या खाली गेलात तर व्हिसाच अडचणीत येतो.

मुलाचा निकाल आम्हाला कळतो का?

नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे, मुलाच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा काही सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. माझ्या नवऱ्याने एकदा माझ्या फीच्या पावतीसाठी फोन केला तर त्यालाही नम्रपणे नकार मिळाला. मला उगाचच बरं वाटलं.

वसतिगृह? मित्रमंडळी?

लहान कॉलेजात वसतिगृह बहुतेक नसतं. दुपारी तीननंतर आवार ओस पडतं, प्रत्येक जण गाडीत बसून आपल्या दुसऱ्या आयुष्याकडे निघालेला. एकटं वाटतं, हे खोटं कशाला बोलू? भारतातून अठराव्या वर्षी एकटं येणाऱ्या मुलाला हे सगळ्यांत जड जातं. सिनेमातलं अमेरिकन कॉलेज इथे नाही. मला ओळखी झाल्या त्या शिकवणी केंद्रातल्या गोल टेबलावर. पुढे मीच तिथे विनामोबदला बसायला लागले.

लहान असण्याचे तोटे कोणते?

विद्यार्थी कमी पडले की विषय रद्द होतो, कधी सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. काही विषय वर्षातून एकदाच असतात. माझा ऑडिटचा विषय चुकला आणि पदवी तीन क्वार्टर लांबली. अनेक शिक्षक अर्धवेळ असतात, दोन-तीन कॉलेजांत धावत शिकवतात, त्यांना वर्गाबाहेर गाठणं कठीण. आणि आवडत नसलेले एखादे गुरुजी असतील तर तो विषय शिकवणारे तेच एकटे असतात.

पहिल्या दिवशी किती लवकर जावं?

एक तास. वर्ग सापडायला दहा मिनिटं पुरतात. उरलेली पन्नास पार्किंगसाठी. पहिल्या आठवड्यात सगळं गाव तिथे असतं. चौथ्या आठवड्यापासून दाराशी जागा मिळते.